कडबघे सर

सरांना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, त्यांच्या नावाची एक खुर्ची होती. पण तिच्यावर कायम फॉर्मलिनच्या बरण्या बसलेल्या असत आणि सर टेबलाभोवती येरझाऱ्या घालत. तास घ्यायला आले की फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून शेवटचं बाक, तिथून पुन्हा फळा. वाक्य फळ्याजवळ सुरू व्हायचं आणि त्याचं क्रियापद ऐकायला आम्हाला मान मागे वळवावी लागायची. जेवायचेही उभ्यानं. डबा खिडकीच्या कट्ट्यावर उघडा, एक घास घ्यायचा, फेरी मारायची, मग दुसरा घास. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की सप्तपदी संपली तरी हे चालतच राहिले, भटजींनी दंडाला धरून परत आणले. खरं-खोटं काकू जाणोत.

आडनाव पाटील. आता खानदेशात पाटील म्हणून हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघतो, त्यामुळे त्या आडनावाचा ओळखीसाठी काही उपयोग नाही. आम्ही त्यांना कडबघे म्हणायचो. सूक्ष्मदर्शकाखाली काहीही ठेवा, पान, पंख, माशाचा खवला, सरांचं एकच: "मधलं काय बघता? मध्ये जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कड बघा. तिथं अजून चालू असतं." फारच चिडले की त्यांची भडगावकडची अहिराणी बाहेर पडायची, "कड देख ना, कड." हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, बरं झालं, निदान पाटलांच्या गर्दीत मी सापडेन तरी.

आम्हालाही ते नावानं कधी ओळखत नसत. गावावरून हाक मारायचे. माझ्या वर्गात एक जामनेर होता, दोन साक्री होत्या, आणि मी पारोळा. "पारोळा, भिंगाची काच पुस" असं म्हणाले की साऱ्या तालुक्याच्या वतीनं मी काच पुसायची. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा पत्रिकेवरचं माझं नाव वाचून त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण?

असा हा माणूस, आणि त्याचा विषय काय, तर पोवळं. आमच्या धुळ्यात पांझरेला पाणी आलं की लोक पुलावर जाऊन बघतात. समुद्र पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. पोवळं म्हटलं की अंगठीत घालायचं, मंगळ शांत करायला, एवढीच आमची समज. सर पहिल्याच तासाला एक पांढरा, भोकाभोकांचा गोळा वर्गात फिरवायचे आणि सांगायचे की हा दगड नव्हे, हे गाव आहे. टाचणीच्या डोक्याहून थोडेसे मोठे जीव इथं खेटून राहत होते, प्रत्येकानं आपल्याखाली चुन्याचं घर बांधलं, पोरं झाली, त्यांनी त्याच घरांवर घरं चढवली. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ मुक्कामाला असतं. तेच त्यांना रंग देतं आणि बहुतेक जेवणही तेच पुरवतं. अशी शेकडो गावं मिळून समुद्रात भिंत उभी राहते आणि तिच्या आडोशानं मासे जगतात. "आणि हे गाव मेलं," असं म्हणून सर तो गोळा परत घ्यायचे. "कशानं मेलं, ते सांगा."

हा प्रश्न त्यांनी तरुणपणी स्वतःला विचारला होता आणि तो त्यांना बसू देत नव्हता. विद्यार्थी असताना ते सहलीबरोबर कच्छच्या आखातातल्या एका बेटावर गेले. तिथं ओहोटीला पाणी इतकं मागं हटतं की प्रवाळांच्या खडकावर माणूस चालत फिरू शकतो. बाकीची मुलं शंख गोळा करत असताना सर एका जिवंत पोवळ्याजवळ उकिडवे बसले, कारण त्याच्या कडेला काहीतरी बिनसलेलं दिसलं. गिरणाकाठच्या केळीच्या मळ्यात वाढलेला मुलगा. आजारी पान आणि वाळलेलं पान यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागला नव्हता. तेव्हापासून दर हिवाळ्यात धुळे-सुरत एसटी, पुढं रेल्वे, पुढं होडी. सुट्टी संपली की काळवंडून परत.

पांढरं दिसलं की मेलं, असं म्हणणारा त्यांना सहन होत नसे. असा माणूस डॉक्टर झाला तर तापातली माणसं जिवंतपणी जाळील, म्हणायचे. पोवळं पांढरं का पडलं, याचे ते आम्हाला तासन्‌तास वाद घालायला लावत. पाणी फार तापलं तर आतलं शेवाळ निघून जातं आणि गाव पांढरंफटक दिसतं, पण वरची कातडी काचेसारखी शाबूत असते. बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. म्हणजे उपाशी आहे, मेलेलं नाही, पाणी निवलं तर रंग परत येईल. बोटाला नुसती खरखर लागली तर घर रिकामं. मग कोणी रिकामं केलं? आजूबाजूच्या भेगांत हात घालून बघायचं, गोगलगाय सापडली तर तिनं खाल्लं. चुनाच ओरबाडलेला असेल तर माशाचे दात. आणि यातलं काहीच नसलं, तर मग कडेकडे वळायचं.

कारण खरा रोग कडेला असतो. दूरच्या समुद्रांत एक काळा पट्टा सापडल्याचं त्यांनी वाचलं होतं. पेटत्या उदबत्तीसारखा प्रकार. पुढं जिवंत रंग, मागं पांढरी राख, आणि मध्ये सरकत जाणारी काळी रेघ, तीत बारीक तंतूंची वस्ती. नाक जवळ नेलं तर कुजक्या अंड्याचा वास. दुसऱ्या एका रोगात अशी रेघच नसते. कातडी कडेपासून सोलत जाते, आणि करणारा कोण ते डोळ्यांना दिसतच नाही. सरांच्या बेटावर रेघ होती, पण ती काळी म्हणावी तर राखाडी, आणि वास म्हणावा तर खात्री नाही. शिवाय तिथलं पाणी गढूळ. जाणकार म्हणत, हा रोगबीग काही नाही, गाळ बसून गुदमरतंय. सरांचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. "गाळ खाली बसतो. ही रेघ वर चढते. गाळाला चढ चढता येतो का?"

हे सिद्ध करायला त्यांनी एक साधी युक्ती काढली होती. रेघेच्या मागं, मेलेल्या भागात, एक खिळा ठोकायचा आणि त्याला लाल दोरा बांधायचा, म्हणजे गढूळ पाण्यातही सापडेल. पुढच्या खेपेला खिळ्यापासून रेघ किती सरकली आणि कुठल्या दिशेला, ते मोजायचं. सोबत दोरा बांधलेली काही निरोगी पोवळीही, ताडून बघायला. वर्षानुवर्षं हेच. पीएच.डी. याच्यावर उभी होती. या दोऱ्यांतून एक दिवस निघणार होतं की हा गाळ नव्हे, रोग आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर आहे.

आणि त्या पीएच.डी.ची सरांपेक्षा जास्त घाई नानांना होती. नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वडील अकाली गेले तेव्हा नानांनी शाळा सोडून मळा धरला आणि धाकट्याला शिकवलं. भडगावच्या बाजारात ते अभिमानानं सांगत, "मन्हा भाऊ समिंदरना डाक्टर शे." लोक हसत. नाना म्हणत, थांबा, दारावर पाटी लागू द्या. धुळ्याला आले की सरांना विचारत, "बापू, डाक्टर कधी व्हशी?" सर फिरता फिरता म्हणत, "व्हसू, नाना."

ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा. मी शेवटच्या वर्षाला होते. आम्ही काही मुलं-मुली सरांबरोबर बेटावर निघालो आणि नानांनी हट्ट धरला की मलाही बघू दे, तू जन्मभर करतोस तरी काय. सरांना इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं. एसटीत उभ्यानंच नानांना सगळं समजावत होते. बेटावर पोचल्यावर पहिल्या ओहोटीला त्यांनी नानांना खडकावर नेलं, आजारी पोवळी दाखवली, दोरे दाखवले, हे वाढत जातं आणि शेजारच्यालाही लागतं असं वाटतंय, म्हणाले. नानांनी शांतपणे मान हलवली. शेतकऱ्याला यात न समजण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सर आम्हाला घेऊन खडकाच्या पार पलीकडच्या टोकाला गेले. नानांचे गुडघे दुखत होते, ते तंबूपाशी थांबले. भरतीची वेळ होत आली तशी आम्ही परतलो. नाना धोतर खोचून, घामानं निथळत, वाळूवर उभे होते. हातात तंबूच्या खुंटांसाठी भोकं पाडायची पहार. आणि त्यांच्यासमोर कोरड्या वाळूत, उन्हात, ओळीनं मांडलेली पोवळी. मुळं वर, म्हणजे बूड वर. प्रत्येकाला लाल दोरा.

सर जागच्या जागी उभे राहिले. एक पाऊल पुढं नाही की मागं नाही.

नाना समाधानानं म्हणाले, "खुणा करेल व्हत्यात तेवढाच काढात. चांगलाले हात नही लावा." मग आमच्याकडे वळून त्यांनी समजावलं. केळीच्या शेंड्याला पानांचा गुच्छ झाला की ते झाड गेलं. त्याला लाल चिंधी बांधतात आणि मग मजूर चिंधी बघून कंदासकट उपटतात, नाहीतर सगळा मळा जातो. बापूनं चिंध्या बांधल्या, पण याच्याकडे मजूर कुठं आहेत? मास्तर माणूस. म्हणून म्हटलं, आपण आहोत तर काढून टाकू. बोलताना त्यांच्या तळहातांतून रक्त येत होतं. पोवळं कापलेल्या पत्र्याच्या कडेसारखं चिरतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला तेव्हा संताप आला होता. एवढ्या वर्षांचं काम, आणि तेही नेमकं कामाचंच तेवढं, शोधून शोधून उपटलेलं. सर ओरडतील, काही फेकतील, निदान खाली बसतील, असं मला वाटत होतं. त्यांनी नानांचे हात आधी गोड्या पाण्यानं धुतले, स्वतःचा रुमाल फाडून बांधला.

"आते बाकीनं वाची ना, बापू?" नानांनी विचारलं.

सर समुद्राकडे बघत म्हणाले, "वाची, नाना."

बोट लावल्याशिवाय जिवंत की मेलं हे न सांगणारा माणूस. मी त्यांच्या तोंडून बिनपुराव्याचं वाक्य तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी नानांना सामान घेऊन होडीत बसायला पाठवलं, आणि ते बरंच झालं, कारण वनखात्याचा रखवालदार आला. तिथं पोवळं तोडायला सक्त मनाई होती. कोणी काढलं हे, त्यानं गुजरातीत विचारलं. सर म्हणाले, मी काढलं. पुढं कचेरीत जाऊन माफीनाम्यातही तेच लिहून दिलं. परवाना गेला. आणि परवान्यापेक्षा मोठं काहीतरी गेलं, ते आम्हाला नंतर कळलं. सरांचे मार्गदर्शक भले गृहस्थ होते. त्यांनी सुचवलं की मच्छीमारांच्या जाळ्यांनी पोवळी उखडली असं प्रबंधात लिहा. सर म्हणाले, मच्छीमारांनी काय घोडं मारलंय? मग खरं काय ते लिहा, मार्गदर्शक म्हणाले. खरं लिहायचं तर माफीनामा खोटा ठरत होता आणि नानांचं नाव छापलं जात होतं. आणि माफीनामा खरा धरायचा, तर स्वतःच्या खुणा स्वतः उपटणाऱ्याच्या मोजमापावर कोण विश्वास ठेवणार? सरांनी प्रबंध सोडून दिला. हे मला त्यांनी कधीतरी प्रयोगशाळेत, फेरीच्या एका टोकाला सांगायला घेतलं आणि दुसऱ्या टोकाला संपवलं.

नाना धुळ्याला येत राहिले, आल्यावर विचारत राहिले. सर "व्हसू, नाना" म्हणत राहिले. मग एका वर्षी नानांनी विचारणं बंद केलं. आम्हाला वाटलं, वय झालं, विसरले असतील.

पुढं खटपटी करून परवाना परत मिळाला. तोवर मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. मी सोबत जायला लागले आणि सरांनी सगळं नव्यानं मांडलं. नवीन पोवळी, नवीन खिळे. आता कुठली पदवी मिळणार नव्हती, वयही उलटलं होतं, तरी त्यांची धाव तशीच. उलट वाढलेली. ओहोटीच्या आधी तास तास काठावर फेऱ्या, पाणी हटायला लागलं की गुडघाभर पाण्यात शिरलेच. एकदा मी वैतागून म्हणाले, सर, जरा दम धरा, पोवळं कुठं पळून जात नाही. ते म्हणाले, "पारोळा, मला कळतं तो कुठला रोग आहे. कुठला नाही, तेही कळतं. पुढं काय करायचं ते कळत नाही. मग बसू कसा?"

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सगळंच पांढरं पडलं. पाणी तापलं होतं. नजर जाईल तिथवर खडक चुन्यानं सारवल्यासारखा दिसत होता. सरांना तोवर छातीचा त्रास सुरू झाला होता, काकूंनी हातापाया पडून थांबवायचा प्रयत्न केला होता. तरी ते आले आणि त्या उन्हात एकेका पोवळ्याला बोट लावत चालत राहिले. "जित्तं शे. हाई बी जित्तं शे." मी मागून छत्री घेऊन. काही पोवळ्यांना बोट लावल्यावर ते काहीच बोलत नसत, नुसते पुढं जात. तो त्यांचा शेवटचा फेरा ठरला. दिवाळीच्या आधी, कॉलेजच्या जिन्यावर, अर्थातच चढता चढता, ते गेले.

त्यांचं सामान न्यायला नाना आले. सत्तरी ओलांडलेले, काठी टेकत. मी पुस्तकं बांधून दिली, चहा मागवला. नाना खुर्चीवरच्या बरण्यांकडे बघत म्हणाले, "खरं सांग पोरी. तो डाक्टर मन्हामुळे नही व्हयना ना?"

मी गडबडले. सरांनी एवढी वर्षं सांभाळलेलं मी मोडू का? मी म्हणाले, नाही नाना, असं का वाटतं तुम्हाला? सर तर म्हणायचे, तुमच्यामुळे बाकीचं वाचलं.

नानांनी मान हलवली. "ज्यानी मळा वाचाडा त्याले मानूस पुन्हा मळामा बलावस. देख म्हनस, तुन्हामुळे कसं हिरवं शे. माले तो परत कधी लई गया नही." मग म्हणाले, त्यानं सांगितलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं.

मला रडू आवरलं नाही. नानांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, तू नेशील का?

त्या हिवाळ्यात मी त्यांना नेलं. होडीतून दोघांनी धरून उतरवावं लागलं. पांढऱ्या पडलेल्यातली बरीच पोवळी पुन्हा रंगावर आली होती, बरीच आली नव्हती. एका गोल, तपकिरी पोवळ्यापाशी मी थांबले. कडेला राखाडी रेघ होती, आणि ती खालून वर चढत होती. गाळ नव्हता. गोगलगाय नव्हती. मी बोट लावून पाहिलं आणि नानांना म्हणाले, हे आजारी आहे.

नानांनी वाकून पाहिलं. मग काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"मंग आते काय करानं?"

"काही नाही, नाना. बघत राहायचं. रोग कसा चालतो ते कळलं, तर कधीतरी कुणाला उपाय सापडेल."

"तो बी हाईच करे?"

"हो."

"इतला वरीस? नुसतं देखे?"

मी हो म्हणाले. पाणी पायाला लागायला लागलं होतं, होडीवाला हाका मारत होता. नाना हलले नाहीत. त्या रेघेकडे बघत, हात तसेच मागं धरून, ते म्हणाले, "उपटनं सोपं व्हतं, पोरी."